सक्तीचं दान: कायदा, मेंदू आणि 2 टक्के

दान कायद्याने सक्तीचं करावं का, या प्रश्नावर आपल्याकडे बहुतेक जण तावातावाने बोलतात. 'जबरदस्तीने दिलेलं दान कसलं?' हा ठरलेला सवाल असतो. प्रयोगशाळेतून आलेलं उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात विल्यम हार्बॉ, उलरिश मायर आणि डॅनियल बर्गहार्ट यांनी 19 स्त्रियांना प्रत्येकी 100 डॉलर दिले आणि एकेकीला एफएमआरआय यंत्रात झोपवून मेंदूचं चित्रण केलं. समोरच्या पडद्यावर आकडे येत: तुमच्या पैशांतून इतके डॉलर गरजूंना अन्न पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेला. काही वेळा बटण दाबून होकार किंवा नकार देता येई. काही वेळा तशी सोयच नव्हती, रक्कम करासारखी परस्पर वळती होई. उरलेले पैसे त्यांना खरोखरच मिळणार होते, त्यामुळे प्रत्येक कपात खिशाला लागणारी होती.

2007 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतात. पैसे सक्तीने गेले तरी ते संस्थेला मिळताना पाहून मेंदूतला स्ट्रायटम हा भाग सक्रिय होत होता. बक्षीस मिळाल्यावर, भूक भागल्यावर जागा होतो तोच हा भाग. म्हणजे दुसऱ्याची गरज भागली याचा आनंद सक्तीतही पूर्णपणे मरत नाही. पण स्वतः ठरवून दिल्यावर हीच हालचाल आणखी वाढत होती. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी देणाऱ्याच्या मनातल्या या जास्तीच्या समाधानाला 'ऊब' म्हटलं होतं. सक्ती हिरावून घेते ती ही ऊब.

ती गेली तर बिघडतं काय? गरजूच्या ताटात अन्न पडलं, एवढं पुरे नाही का? तेवढ्यापुरतं पुरेही असेल. अडचण येते ती पुढच्या वेळी देताना. कॅथरीन एकेल, फिलिप ग्रॉसमन आणि रेचेल जॉन्स्टन यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे फार बोलका आहे. एका गटाला सांगितलं, तुमच्या वाट्याचे 18 डॉलर तुमच्याकडे आहेत आणि तुमच्या संस्थेकडे 2. दुसऱ्या गटाला सांगितलं, तुमचे 20 होते, त्यातले 2 कर म्हणून कापून संस्थेला दिले. हिशेब दोन्हीकडे एकच. पण कर कापल्याचं कळलेल्या गटाने स्वतःहून द्यायची रक्कम जवळजवळ तेवढ्यानेच कमी केली. पहिल्या गटावर मात्र फारसा परिणाम झाला नाही. 'माझं देऊन झालं' असं वाटलं की हात आखडतो.

हीच गोष्ट भारताने देशाच्या पातळीवर करून पाहिली आहे. कंपनी कायदा 2013 मधलं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. सुरुवातीला खर्च केला नाही तर कारण दिलं की भागत असे. 2021 पासून खर्च न झालेला पैसा ठरलेल्या निधीत भरावा लागतो, नाहीतर दंड होतो. यातून शाळा, दवाखाने, पाणलोटाची कामं उभी राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायदा नसता तर कित्येक कंपन्यांनी दमडीही सोडली नसती.

पण धम्मिका धर्मपाल आणि विक्रमादित्य खन्ना यांनी कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा चित्राची दुसरी बाजू दिसली. 2 टक्क्यांपेक्षा कमी देणाऱ्यांचा खर्च वाढला होता, तर आधीपासून सढळ हाताने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा खर्च 2 टक्क्यांच्या दिशेने खाली आला होता. किमान म्हणून लिहिलेला आकडा काहींनी पुरेसा मानला. सक्तीचा मोठा तोटा मला हाच वाटतो: कंजूस वर येतो, पण दानशूरही खाली येतो.

व्यक्तींवर सक्ती केली तर पळवाटा आणखी सोप्या. पाकिस्तानात 1980 च्या अध्यादेशाने रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेतल्या बचतीवर अडीच टक्के जकात, म्हणजे इस्लाममध्ये सांगितलेलं गरजूंसाठीचं दान, कापायला सुरुवात झाली, आणि त्याआधी खात्यातून पैसे काढून ठेवायची रीत पडली. असे पैसे काढणाऱ्यांतले अनेक जण जकात देतच होते, फक्त आपल्या माहितीतल्या गरजूला, आपल्या हाताने.

म्हणून सामान्य माणसावर दानाची सक्ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारला गरिबांसाठी पैसा हवा असेल तर त्याने उघडपणे कर घ्यावा आणि विधिमंडळात त्याचा हिशेब द्यावा. सक्ती शोभते ती जिथे समाजाकडून आधी काही घेतलेलं असतं तिथे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना करसवलती मिळतात. त्या बदल्यात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्यांना बंधनकारक आहे. हा सौदा न्याय्य आहे. मात्र त्याची माहिती गरजूंपर्यंत पोहोचत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटायचं असतं, हे ठाऊक नसल्याने कितीतरी कुटुंबं दागिने गहाण टाकून बिल भरतात. कायद्याचा जोर हवा तो इथे: किती खाटा रिकाम्या आहेत याचा फलक रुग्णांना दाखल करून घेण्याच्या खिडकीशेजारीच, मराठीत, ठळक अक्षरांत लावायला लावण्यासाठी.