पासवर्ड सुरक्षा : कोकण किनाऱ्यावरील संकेतस्थळांच्या संदर्भात

हापूसच्या पेट्यांची आगाऊ मागणी, तारकर्ली-गुहागरकडच्या घरगुती खोल्यांची नोंदणी असे कोकणातले बरेच व्यवहार आता संकेतस्थळांवर होतात, आणि तिथे ग्राहकाकडून खाते उघडून घेतले जाते. खाते फुटले की दोष ग्राहकाच्या सोप्या पासवर्डला दिला जातो. हे अन्यायाचे आहे. धोक्याचे मूळ पुष्कळदा संकेतस्थळाच्या बांधणीतच असते.

सर्वांत घातक सवय म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा साठवणे. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलने परत आला, तर तो तिथे मूळ रूपात वाचता येईल असा ठेवलेला आहे हे ओळखावे. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकी कंपनीकडचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड असेच उघडे सापडले. यावरचा उपाय त्याच्या कितीतरी आधीचा आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्येच युनिक्स या संगणकप्रणालीच्या संदर्भात पासवर्डात ‘सॉल्ट’, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी यादृच्छिक भर, मिसळून त्याचे एकेरी रूपांतर (ज्यातून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही), म्हणजे हॅश, साठवण्याची पद्धत मांडली होती. सॉल्टमुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेल्या नोंदी वेगळ्या दिसतात. १९९९ मधील बीक्रिप्ट या हॅश-पद्धतीने हे रूपांतर मुद्दाम संथ केले, म्हणजे चोराला अंदाज बांधून पाहणे महाग पडते.

पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे ओळख पटवण्याचे प्रश्न कोकणात विशेष कुचकामी ठरतात. ‘मूळ गाव कोणते?’ याचे उत्तर आचरेकर, केळुसकर, वेंगुर्लेकर, दाभोळकर या आडनावांतच असते. आईचे माहेर आणि ग्रामदैवत तर अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक! असा प्रश्न विचारून खाते उघडू देणारे संकेतस्थळ पासवर्ड कितीही कठीण मागो, मागचे दार उघडेच ठेवते.

दर तीन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावले की लोक ‘गणपती@१’ चे ‘गणपती@२’ करतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ही सक्ती नको, लांब पासवर्ड चालू द्यावेत आणि तो पेस्ट करण्याची मुभा असावी, असे सांगितले.

ओटीपी हा जोडउपाय बहुधा एसएमएसवर अवलंबून असतो. खाडीकाठच्या किंवा घाटाखालच्या वाडीत रेंज नसली की तो मुदत संपल्यावर पोहोचतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड वेळेच्या आधारे फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. पण ती सोय आधी संकेतस्थळाने द्यावी लागते.