चेतातंतूंना पोसणारी पेशी थकते तेव्हा

मेंदूचा छेद पाहिला तर बाहेरचा थर करडा आणि आतला बराचसा भाग पांढरा दिसतो. हा पांढरेपणा मायलिनचा. चेतापेशीच्या अक्षतंतूभोवती, म्हणजे संदेश नेणाऱ्या लांब धाग्याभोवती, गुंडाळलेलं हे आवरण पाणी वगळता साधारण ७० टक्के मेदाचं असतं. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते तयार करतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी. पिओ देल रिओ ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून त्या वेगळ्या ओळखल्या. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशींकडे असतं. तिथे एक पेशी एकाच तंतूचा एकच तुकडा गुंडाळते. ऑलिगोडेंड्रोसाइटला मात्र अनेक फांद्या फुटतात आणि ती एकटी वेगवेगळ्या तंतूंवरचे चाळीस-पन्नास तुकडे सांभाळू शकते. त्यामुळे एक पेशी मेली की ते सगळे एकदम उघडे पडतात.

मायलिनची तुलना नेहमी वायरवरच्या प्लास्टिकशी केली जाते. वेगापुरती ती ठीक आहे: उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला मीटर-दोन मीटर सरकतो, जाड मायलिनवाल्या तंतूतून १०० मीटरपर्यंत. पण प्लास्टिक तांब्याला जेवू घालत नाही, आणि या पेशी नेमकं तेच करतात. त्या ग्लुकोज अर्धवट जाळतात आणि तयार झालेलं लॅक्टेट हे इंधन एमसीटी-१ या वाहक प्रथिनामार्फत तंतूकडे पाठवतात. हा वाहक कमी केलेल्या उंदरांमध्ये तंतू खराब होतात, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या रुग्णांतही तो कमी आढळला. त्याआधी १९९८ मध्ये पीएलपी हे मायलिनमधलं मुख्य प्रथिन नसलेल्या उंदरांचा अभ्यास झाला होता. त्यांचं आवरण दिसायला जवळपास ठीकठाक होतं, तरी आतले तंतू जागोजागी सुजले आणि हळूहळू झडले. आवरण असणं आणि तंतूची देखभाल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळलं.

एवढं काम करणारी ही पेशी स्वतः मात्र नाजूक. मेदनिर्मितीच्या विकरांना (एन्झाइम्सना) लोह लागतं, म्हणून मेंदूत सर्वाधिक लोह याच पेशींत साठतं. उलट ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्यं त्यांच्याकडे कमी. रक्तपुरवठा थोडा जरी घटला तरी आधी इजा होते ती यांनाच. बदलीही सहज मिळत नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून या पेशींचं वय काढता येतं. माणसाच्या दोन मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यात वर्षाला ३०० पैकी साधारण एकच पेशी नवी येते, असं २०१४ मध्ये दिसलं.

अल्झायमरमध्ये या पेशींकडे बरीच वर्षं फक्त बळी म्हणून पाहिलं गेलं. २०२३ मध्ये ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने प्रश्न उलटा विचारला: आधी मायलिन बिघडवलं तर काय होतं? अमिलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, थर साचण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत त्यांनी मायलिनचा दोष घातला, आणि थर वाढले. कारणं दोन सापडली. तंतूंच्या सुजलेल्या भागांत मूळ प्रथिन कापून अमिलॉइड तयार करणारं विकर, बेस-१, साचतं. आणि मेंदूतली सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी मायलिनचा कचरा उचलण्यात इतक्या गुंततात की अमिलॉइडकडे त्यांचं लक्षच राहत नाही. पुढच्या वर्षी आणखी एक धक्का बसला. ऑलिगोडेंड्रोसाइट स्वतःही अमिलॉइड बनवतात! केवळ त्यांच्यातलं बेस-१ काढल्यावर उंदरांत थर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मोठा वाटा चेतापेशींचाच, पण हा भाग दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हे सगळे उंदरांवरचे निष्कर्ष आहेत, हे अर्थातच विसरून चालणार नाही.

मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत तर शंकेला जागाच नाही. सुरुवातीला पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या या आजारात अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गाठी मुख्यतः ऑलिगोडेंड्रोसाइटच्या आतच असतात.

आता रुग्णाच्या हातातल्या कागदांकडे वळू. साठीनंतरच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘व्हाइट मॅटर’मधले पांढरे डाग आणि त्यांचं प्रमाण सांगणारी ‘फाझेकास’ श्रेणी (० ते ३) लिहिलेली दिसते. बहुतेक वेळा ही बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारातून झालेली मायलिनची झीज असते, आणि वाढलेला रक्तदाब हे तिचं बदलता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्यांमध्ये डागांचं आकारमान सुमारे चार वर्षांत ०.९२ घन सेंमीने वाढलं. १४० चं लक्ष्य असलेल्यांमध्ये १.४५ ने. मधुमेहींना या चाचणीत घेतलं नव्हतं, तेव्हा हा आकडा सर्वांना सरसकट लावू नये.

दुसरा कागद बी-१२ चा. मायलिन टिकवायला हे जीवनसत्त्व लागतं, आणि पुण्यातल्या पुरुषांच्या एका अभ्यासात (२००६) ६७ टक्क्यांमध्ये ते कमी आढळलं होतं. पावलांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा अशी लक्षणं दिसतात. हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे म्हणून बी-१२ ठीक असेल, असं समजू नये. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारतं, पण मज्जारज्जूची हानी चालूच राहते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तपासणी मुद्दाम करावी.

मायलिन पुन्हा बांधणारं औषध अजून हाती नाही. क्लेमास्टिन या जुन्या अ‍ॅलर्जीच्या औषधावर २०१७ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या, शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते अशा आजाराच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास आला. डोळ्यापासून मेंदूपर्यंत संदेश पोचायला लागणारा विलंब १.७ मिलिसेकंदांनी कमी झाला. फरक लहान, पण मोजता येण्याजोगा. नंतरच्या दुसऱ्या चाचणीत मात्र, सतत बळावत जाणाऱ्या प्रकारच्या तीन रुग्णांचं अपंगत्व याच औषधावर वेगाने वाढलं आणि तो गट थांबवावा लागला. शिवाय हे औषध गुंगी आणतं आणि स्मरणशक्तीला लागणारं संदेशद्रव्य अ‍ॅसिटिलकोलीन अडवतं. वयस्कर माणसात त्यानेच विसर वाढू शकतो.