भरल्या बटाट्याला चिंच कधी लावायची?

मागच्या जानेवारीत तासगावजवळ मावशीच्या रानात हुरड्याला गेलो होतो. हुरडा खाऊन झाला, आगटीत आर भरपूर शिल्लक होता, आणि भाच्याने हौसेने नवीन ग्रिलची जाळी आणलेली, म्हणून त्यावर भरली वांगी आणि भरले बटाटे भाजायचं ठरलं. मसाला एकच, दाण्याचं कूट, तीळ, कांदा-लसूण मसाला, गूळ आणि चिंचेचा दाट कोळ. लहान बटाट्यांना वांग्यासारख्या चार चिरा देऊन मावशीने सकाळी सातलाच मसाला भरून ठेवला होता, म्हणजे चांगला मुरेल.

वांगी पंधरा-वीस मिनिटांत झाली, एक नंबर झाली. बटाटे मात्र पाऊण तास झाला तरी कच. साल काळी पडली, वर सुरकुत्या आल्या, पण दाताखाली कचकच. आता गंमत बघा, त्याच आगटीत पोरांनी एक साधा, न चिरलेला, त्याच मापाचा बटाटा राखेत पुरला होता तो लोण्यासारखा मऊ निघाला! मग चर्चा सुरू. मामा म्हणाले आर कमी पडला, कोण म्हणालं बटाटा कोल्ड स्टोरेजचा असणार, आणि एका काकींनी सरळ नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळून आरात टाकली. ती तडतडली तशा त्या म्हणाल्या, बघा, केवढी नजर होती.

आधी त्या तडतडीचं सांगतो. जाड मिठाच्या खड्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात, तापल्यावर त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो, त्याचा तो आवाज. मोहरीचंही तसंच, दाण्यातला ओलावा वाफ होऊन टरफल फोडतो. कुणावरूनही न ओवाळता मूठभर मीठ-मोहरी निखाऱ्यावर टाकून बघा, तेवढीच तडतडते. आपल्याकडे लहान लेकरू तापाने फणफणलं तरी आधी नजर काढतात आणि मग दवाखाना आठवतो, त्यात वेळ जातो, म्हणून मला हे बोलावंसं वाटतं.

तर बटाटे. मी एक बटाटा उघडून नीट बघितला. सालीकडचा भाग शिजलेला होता. आतला, मसाल्याला चिकटलेला भाग मात्र पांढराफटक, टणक, चिरेची कड सुरीने आत्ताच कापल्यासारखी धारदार. आता चिरेतून उष्णता तर आत जायला जास्तच वाव होता, तरी न चिरलेला बटाटा शिजला आणि चिरलेला नाही. म्हणजे भानगड आराची नव्हती, मसाल्याची होती.

बटाटा शिजतो म्हणजे नक्की काय होतं? बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात मोठा भाग स्टार्चचा. हा स्टार्च पेशींमध्ये दाण्यांच्या रूपात असतो, ६०-७० अंशांना ते दाणे पाणी पिऊन फुगतात. बऱ्याच जणांना वाटतं की स्टार्च फुगला की बटाटा शिजला. नाही. स्टार्च फुगला तरी बटाटा टणक राहू शकतो, कारण पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्या चिकटवणाऱ्या पदार्थाचं नाव पेक्टिन. विटांची भिंत डोळ्यासमोर आणा, विटा म्हणजे पेशी आणि मधलं सिमेंट म्हणजे पेक्टिन. सिमेंट सुटलं तरच भिंत ढासळते, आणि बटाटा बोटाने दाबल्यावर भुगा होतो ती हीच ढासळलेली भिंत.

पेक्टिन तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय. महाबळेश्वर-पाचगणीचा स्ट्रॉबेरी जॅम धरतो तो पेक्टिनमुळे, आणि घरी जॅम करताना लिंबू पिळायला सांगतात तेही पेक्टिनसाठीच. हेन्री ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ साली याला नाव दिलं, गोठणारं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग, जरा सावकाश वाचा. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या शेकडो कड्यांची लांब साखळी. बऱ्याच कड्यांवर मिथाइल नावाचा छोटा गट टोपीसारखा बसलेला असतो. तापमान ८५ अंशांच्या आसपास गेलं की ही साखळी वेगाने तुटायला लागते. ती कशी तुटते, तर पाण्यातला हायड्रॉक्साइड आयन टोपीवाल्या कडीतला एक हायड्रोजन ओढून घेतो, तो गेला की शेजारच्या कडीशी असलेला जोड टिकत नाही आणि साखळीचे दोन तुकडे होतात. रसायनशास्त्रात याला बीटा एलिमिनेशन म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, एवढंच धरा की साखळी कापायला दोन गोष्टी लागतात, हायड्रॉक्साइडची कात्री आणि कडीवरची टोपी.

चिंच घातली की काय होतं? आम्ल वाढलं की हायड्रॉक्साइड आयन कमी होतात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं जास्त आंबट. तो एकाने उतरला की हे आयन दहापट कमी, दोनाने उतरला की शंभरपट. बटाट्याचा पीएच सहाच्या आसपास असतो आणि चिंचेचा कोळ तीनच्या आसपास, म्हणजे कात्र्या जवळजवळ हजारपट कमी झाल्या! मग तुम्ही तासभर भाजा, सिमेंट सुटतच नाही. टोमॅटोच्या रश्श्यात कच्चा बटाटा टाकला की तो शिजता शिजत नाही आणि आमटीत डाळ शिजायच्या आधी आमसूल घालू नको असं आजी ओरडायची, ते याच पेक्टिनमुळे. उलट खायचा सोडा घातला की हायड्रॉक्साइड वाढतात म्हणून छोले पटकन मऊ होतात.

मी घरी आल्यावर सांगलीत गॅसवर करून बघितलं. एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी, तीन पातेली, एकात साधं पाणी, दुसऱ्यात चिंचेचं, तिसऱ्यात चिमूटभर सोडा. बाराव्या मिनिटाला साध्या पाण्यातल्या फोडीत चमचा सहज गेला. सोड्यातल्या फोडींच्या कडा विरघळून त्या गोल झाल्या होत्या आणि जरा पिवळट दिसत होत्या. चिंचेतल्या फोडी चाळीस मिनिटांनंतरसुद्धा चौकोनीच, चारी कडा शाबूत, सुरी टेकवली तर टक् आवाज. शाळेत विज्ञान प्रदर्शनाला पोरांना सांगा हा प्रयोग, दहा रुपयात होतो.

पण मग चिंच बटाट्यात आत गेली कशी? हळूहळू झिरपत. आणि झिरपण्याचा नियम मोठा छान आहे, अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो, तिप्पट झालं की नऊपट. अर्ध्या तासात आम्ल जेमतेम एक-दीड मिलिमीटर आत जातं, पण मावशीने सातला भरले आणि आम्ही दुपारी भाजले, तेवढ्यात ते चार-पाच मिलिमीटर गेलं असणार, प्रत्येक चिरेच्या दोन्ही बाजूंनी. लहान बटाट्याची पाव फाक केवढी असते? बराचसा गर आंबट झाला. वांग्याला काही फरक पडला नाही कारण वांगं स्पंजासारखं असतं, आत बरीच हवा, ती गरम होऊन बाहेर पडली की पेशी आपोआप कोसळतात. बटाटा भरीव आहे, त्याला सिमेंट सोडवल्याशिवाय गत्यंतर नाही.

उष्णतेलाही हाच वर्गाचा नियम लागू आहे. म्हणून मोठा बटाटा निखाऱ्यावर ठेवला की बाहेर कोळसा आणि आत कच. निखारा लालबुंद म्हणजे ७०० अंशांच्या आसपास, पण बटाट्याचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत शंभराच्या वर जात नाही. तो वाळला की मात्र भराभर तापतो, १४० च्या पुढे मेलार्ड अभिक्रिया सुरू होते (लुई मेलार्डने १९१२ मध्ये हिचं वर्णन केलं), तोच खमंग तांबूस रंग, आणि तिथून काळं व्हायला वेळ लागत नाही.

अजून एक बारकावा. आर मंद असेल आणि बटाटा ५५ ते ६५ अंशांत बराच वेळ रेंगाळला तर त्याच्यातलंच एक एन्झाइम पेक्टिनच्या टोप्या काढून टाकतं, उघड्या जागी कॅल्शियम येऊन दोन साखळ्या एकमेकींना बांधतो, आणि मग नंतर कितीही आर लावा तो बटाटा पूर्ण मऊ होत नाही. भाज्या डबाबंद करणारे कारखाने हेच मुद्दाम करतात, फोडी मोडू नयेत म्हणून. जत-आटपाडीकडच्या बायका बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, गणंग राहतात म्हणतात, तिथेही हाच कॅल्शियम. आणि महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे उघड्या पातेल्यात बटाट्याला जास्त वेळ लागतो.

फॉइलबद्दल थोडं, कारण ग्रिल म्हटलं की हे येतंच. चकचकीत बाजू आत ठेवायची की बाहेर यावर लोक भांडतात, काही फरक पडत नाही. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकत्र जातात, रोलरला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकांना लागलेली मंद, बस. फॉइलमध्ये बटाटा खरं तर वाफेवर शिजतो, भाजल्याचा खमंगपणा हवा असेल तर शेवटी काढून टाका. आणि चिंचेचा मसाला फॉइलला थेट लागू देऊ नका, आम्ल अॅल्युमिनियम खातं.

आणि 'ग्रिल म्हणजे हेल्दी' आणि 'भाजलेला बटाटा म्हणजे कॅन्सर' हे दोन्ही फॉरवर्ड बाजूला ठेवा. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की स्टार्चचे पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की अॅक्रिलामाइड तयार होतं, उंदरांमध्ये त्याने कॅन्सर होतो, माणसात जेवणातून होतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. सोनेरी रंगावर थांबायचं, काळं खरवडून टाकायचं.

तर महिन्याभराने गच्चीवर परत घाट घातला, मावशीलाही बोलावलं. बटाटे सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडून घेतले, सुरी जाईल पण बटाटा फुटणार नाही इतपत. पेक्टिन एकदा सुटलं की नंतर चिंच लावली तरी बटाटा परत टणक होत नाही, म्हणून गार करून मग चमच्याने मधला गर काढला, भिंत बोटाएवढी ठेवली, गर त्याच मसाल्यात कालवून परत भरला, चिंचेच्या कोळासकट. बाहेरून तेल चोळून जाळीवर दहा मिनिटं, चिमट्याने दोनदा फिरवले. मावशीने पहिला बटाटा मोडून आत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "चिंच तेवढीच घातलीस न्हवं?" तेवढीच होती, मोजून.