आयएसओ कॉपी करणं वेगळं, बर्न करणं वेगळं

"डीव्हीडी बर्न केली, पण कम्प्युटर तिच्यावरून बूटच (म्हणजे सुरूच) होत नाही." मग शिव्या सॉफ्टवेअरला, नंतर ड्राइव्हला, शेवटी डिस्कच्या ब्रँडला. आधी ती डिस्क उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (.iso, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, 'इमेज') पडलेली दिसली, तर तुम्ही डेटा डिस्क केलीय, इमेज बर्न केलेली नाही.

डेटा डिस्क सगळ्यांनाच येते: फायली ओढून टाका, बर्न दाबा. त्यावर काही बोलत नाही. सॉफ्टवेअर डिस्कवर नवी फाइल सिस्टिम (फायली कुठे आहेत याची मांडणी) रचतं आणि तुमच्या फायली तिच्यात बसवतं, इतकंच. आयएसओ मात्र दिसायला एक फाइल असली तरी अख्ख्या डिस्कची सेक्टरगणिक नक्कल असते, स्वतःच्या फाइल सिस्टिमसकट. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा 2048 बाइटचा एक कप्पा. 0 ते 15 राखीव, 16 वर डिस्कची ओळख, आणि बूट होणारी असेल तर 17 वर बूट रेकॉर्ड, म्हणजे सुरू कुठून व्हायचं याची नोंद. 1995 च्या 'एल टोरिटो' नियमाने ही जागा ठरलीय आणि बायोस (कम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) नेमका तिथेच बघतो. आयएसओ फाइल म्हणून टाकलीत की तो रेकॉर्ड फाइलच्या पोटात, डिस्कवर भलतीकडेच जाऊन बसतो. पत्ता लिहिलेलं पाकीट कोऱ्या पाकिटात घालून पेटीत टाकल्यासारखं.

याहून वाईट प्रकार म्हणजे आयएसओ अनझिप करून आतले फोल्डर बर्न करणं. डिस्क उघडली की सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. फोल्डर आले, पण बूट रेकॉर्ड हा फोल्डरमधली फाइल नव्हताच, तो मागेच राहिला.

उपाय फुकट आहे. विंडोज 7 पासून आयएसओवर राइट क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' मिळतं. त्यातली 'व्हेरिफाय'ची (लिहिलेलं तपासण्याची) खूण कृपा करून कराच. जास्त नियंत्रण हवं तर विंडोजवर इमबर्न (2013 नंतर नवी आवृत्ती नाही, तरी काम चोख), लिनक्सवर केथ्रीबी. व्हिडिओ कापणारी, कव्हर छापणारी, सुरू व्हायलाच मिनिट घेणारी भलीमोठी पॅकेजेस मला नकोत. आणि कोरी डिस्क घातल्यावर विंडोज 'पेनड्राइव्हसारखी वापरायची का' विचारतं, तिथे दुसरा, सीडी/डीव्हीडी प्लेयरचा पर्याय घ्या. पहिल्याने केलेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर चालेलच असं नाही.

4.7 जीबीची डीव्हीडी विंडोजला 4.38 दिसते. मोजण्याची पद्धत वेगळी, फसवणूक नाही.

निव्वळ इन्स्टॉलेशनसाठी आता डिस्क कशाला? पेनड्राइव्ह वेगवान आहे. पण घोळ तिथेही तोच: आयएसओ नुसती कॉपी करून भागत नाही, इमेज पेनड्राइव्हवर नीट उतरवणारं रूफससारखं साधन लागतं. अपवाद व्हेन्टॉय या साधनाचा. एकदा पेनड्राइव्ह त्याने तयार केला की पुढे आयएसओ खरोखरच नुसती कॉपी करायची. त्या सवयीने लोक डिस्कवरही तेच करतात.

डिस्कचं खरं काम उरलंय ते जपून ठेवण्याचं. एकदाच लिहिता येणाऱ्या आणि फायनलाइज केलेल्या (पुढचं लिहिणं बंद केलेल्या) डिस्कवरचं रॅन्समवेअरला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, बदलता येत नाही. हार्ड डिस्कवरच्या बॅकअपबद्दल असं म्हणता येत नाही. टेराबाइटभर व्हिडिओ 25 जीबीच्या ब्लू-रेवर चढवायचे तर चाळीस डिस्क लागतील, तो वेडेपणा करू नका. कागदपत्रं, निवडक फोटो, हिशेब एवढंच ठेवा. त्यासाठी अकार्बनी थराची, म्हणजे 'एचटीएल' प्रकारची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे) घ्या. 'एलटीएच' या दुसऱ्या प्रकारात सीडी-आरसारखाच सेंद्रिय रंग असतो, तो उन्हात आणि उष्णतेत लवकर खराब होतो. सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. इतर कंपन्यांच्या डिस्क अजून मिळतात, पण नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो, तेव्हा डिस्कबरोबर एक यूएसबी ड्राइव्हही घेऊन ठेवा.