‘आम्ही तर मानद आहोत’

ना-नफा संस्थेत घोळ झाला की ‘आम्ही कुठे पगार घेतो?’ हा बचाव हमखास पुढे येतो. इंग्लंडच्या न्यायालयाने तो १७४२ मध्येच फेटाळला आहे.

गरिबांना तारणावर लहान कर्जं देण्यासाठी ‘चॅरिटेबल कॉर्पोरेशन’ला १७०७ मध्ये सनद मिळाली. (नाव धर्मादाय, पण तिला भागधारकही होते!) १७३० नंतर लगेचच तिथला घोटाळा बाहेर आला. गोदाम सांभाळणाऱ्याच्या संगनमताने, नसलेल्या तारणावर कर्जं उचलली जात होती. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या समितीतले काही जण सामील होते, बाकीच्यांनी लक्षच घातलं नव्हतं. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी त्या बाकीच्यांनाही सोडलं नाही. काम पत्करलं की ते निष्ठेने आणि वाजवी दक्षतेने करायलाच हवं. त्यात काही मिळत नव्हतं ही सबब ऐकली जाणार नाही.

हितसंबंधांचा नियम, म्हणजे पदावरून स्वतःचा फायदा न करून घेण्याचा, त्याहून जुना आणि जास्त कठोर. इंग्लंडमधल्या रमफर्डच्या बाजाराचा भाडेपट्टा एका विश्वस्ताकडे अल्पवयीन मुलासाठी होता. मालकाने मुलाच्या नावे मुदत वाढवायला नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने पट्टा स्वतःच घेतला. लबाडी दिसली नाही, मुलाला पट्टा तसाही मिळणार नव्हता. तरीही १७२६ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर किंग यांनी पट्टा आणि नफा दोन्ही मुलाला द्यायला लावले.

एवढं सोवळं संस्थांना पाळता येईना. मंडळावर बँकर हवा असतो, आणि तो बँकेसकटच येतो. वॉशिंग्टनच्या सिब्ली रुग्णालयाची रक्कम विश्वस्तांचा संबंध असलेल्या बँकांत, बरीचशी बिनव्याजी, पडून होती. रुग्णांनीच खटला भरला. १९६० मध्ये नेमलेल्या वित्त आणि गुंतवणूक समित्यांची दहा वर्षांत एकही बैठक झाली नव्हती, हे त्यात उघड झालं. माझ्या मते खरा दोष तोच होता. १९७४ मध्ये न्यायाधीश गेसेल यांनी विश्वस्तांवर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला, पण कुणाला काढलं नाही. कसोटीही ट्रस्टच्या विश्वस्ताची नव्हे, कंपनीच्या संचालकाची, म्हणजे सौम्य, लावली. संबंध असलेल्या बँकेशी व्यवहार चालेल, मात्र तो संबंध आधी उघड करा. बंदीची जागा इथे प्रकटीकरणाने घेतली.

१९९६ मध्ये अमेरिकेने पैशाचा चिमटा आणला. आतल्या माणसाने वाजवीपेक्षा जास्त लाभ घेतला तर त्या जादा रकमेवर २५ टक्के कर, वेळेत परत न केल्यास २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्यावर वेगळा कर. २००८ पासून तिथल्या वार्षिक विवरणपत्रात हितसंघर्षाबाबत लेखी धोरण आहे का, असंही विचारलं जातं. ते असण्याची सक्ती मात्र करकायद्यात नाही.