सुगरणीच्या घरट्यात काजव्यांचे दिवे नसतात

सुगरण पक्षी घरट्यात ओल्या मातीचा गोळा लावून त्यात काजवे खोचतो आणि रात्री त्यांच्या उजेडात पिले वाढवतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातील मातीचा भाग खरा आहे. काजव्यांचा मात्र नाही. सुगरण दिवसा वावरणारा पक्षी असून रात्री झोपतो, त्यामुळे त्याला दिव्याची गरजच नसते. शिवाय चिखलात रुतवलेला काजवा फार काळ जगत नाही आणि मेल्यावर त्याचा प्रकाशही टिकत नाही.

घरटे विणतो तो नर. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या लांब चिरोट्या काढून तो आधी शिरस्त्राणासारखा अर्धा सांगाडा तयार करतो, मादी येऊन तो पारखते आणि तिने पसंत केल्यावरच अंड्यांची खोली व खाली लोंबणारी प्रवेशनळी पूर्ण होते. याच अर्धवट अवस्थेत आतल्या बाजूला माती किंवा शेण थापले जाते. वाऱ्यात हलके घरटे स्थिर राहावे म्हणून हे वजन असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि पावसाळी वाऱ्यात हेलकावणारी घरटी पाहिली की तो मला पटतो. डॉ. सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याच्या विणीचे बारकाईने निरीक्षण करून 1931 मध्ये ते प्रसिद्ध केले. एकच नर अनेक घरटी बांधून एकाहून अधिक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पाण्यावर झुकलेली किंवा काटेरी फांदी निवडण्यामागे साप आणि इतर शत्रूंपासूनचे संरक्षण असते.