टुटू का पेटायचा?

‘सुती घाल, नायलॉन पेट घेतं’ हे वाक्य आपल्याकडे स्टोव्हच्या काळापासून घरोघरी ऐकू येतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि ती जखम फार वाईट, हे खरं. पण सुती म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने एकोणिसाव्या शतकातल्या बॅले नर्तकींचा इतिहास जरूर वाचावा. त्यांचे पांढरेशुभ्र टुटू सुतीच होते, आणि त्यांच्यापैकी काही जणी त्याच टुटूंमध्ये होरपळून गेल्या.

टुटू म्हणजे बॅले नर्तकीचा तो फुललेला, थरांवर थर असलेला स्कर्ट. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये मारी तालियोनी पोटऱ्यांपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा पातळ मलमलीचा झगा घालून आली. टुटूची परंपरा तिथून धरतात. भूमिका वायुकन्येची, म्हणजे अंगाला वजनच नाही असं दिसायला हवं. ते साधलं दोन नव्या गोष्टींनी. जॉन हीथकोट या इंग्रजाने १८०९च्या सुमारास षट्कोनी जाळी विणणारं यंत्र आणलं होतं, त्यामुळे पूर्वी हाताने विणावी लागणारी जाळी स्वस्त झाली. आणि १८२२पासून पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे होते. त्या उजेडात जाळीदार पांढरं कापड ढगासारखं दिसतं. दिव्यांची एक रांग मात्र रंगमंचाच्या कडेला, नर्तकीच्या पायांपाशी असायची.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत एमा लिव्हरीचा स्कर्ट गॅसच्या दिव्यावर पेटला. ती तालियोनीची लाडकी शिष्या, वय वीस. आठ महिने यातना भोगून ती २६ जुलै १८६३ रोजी गेली. त्याआधी लंडनमध्ये १८४४ साली क्लारा वेबस्टर अशीच रंगमंचावर जळाली होती.

लिव्हरीची गाजलेली भूमिका एका फुलपाखराची होती, आणि त्या बॅलेत फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात. त्यामुळे हा अपशकुन होता, नियतीने आधीच सांगून ठेवलं होतं, असं आजही लिहिलं जातं. उघड्या ज्योतीशेजारी मलमल नाचवली तर ती पेटणार, हे सांगायला नियती कशाला हवी?

आता खरी गंमत. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, त्याच लाकडाचा किस मात्र भुर्रकन पेटतो. उष्णता पृष्ठभागातून आत शिरते, पण तापवावं लागतं सगळं वजन. पृष्ठभाग जास्त आणि वजन कमी, की तापमान झपाट्याने चढतं. टुटूत नेमकं हेच आहे. शिवाय प्रत्येक थराला दोन्ही बाजूंनी हवा लागते आणि घंटेचा आकार धुराड्याचं काम करतो: खालून गार हवा आत, वर जाणारे गरम वायू वरच्या थरांना आधीच तापवून ठेवतात. कापूस जळत राहायला हवेत साधारण १८ टक्के ऑक्सिजन पुरतो. आपल्या हवेत तो २१ टक्के आहे.

पण कापूस थेट जळत नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सियसला ही साखळी तुटते आणि लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ व इतर ज्वलनशील वाफा बाहेर पडतात. ज्योत असते ती या वाफांची. तिची उष्णता पुन्हा कापडावर पडते, नव्या वाफा निघतात, चक्र चालू राहतं.

हे चक्र तोडायची युक्ती फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसॅकने १८२१ सालीच दाखवली होती. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड बुडवून वाळवायचं. तापल्यावर अमोनियम फॉस्फेटमधून अमोनिया उडून जातो, मागे फॉस्फोरिक आम्ल उरतं, आणि ते सेल्युलोजला वेगळ्याच वाटेने मोडतं. साखळीच्या प्रत्येक कडीत सहा कार्बन, दहा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. दहा हायड्रोजन आणि पाच ऑक्सिजन म्हणजे बरोबर पाच रेणू पाणी! आम्ल हे पाणी खेचून काढतं आणि उरतो निव्वळ कोळसा. कागदावरचा हिशोब केला तर १६२ ग्रॅम सेल्युलोजमधून ९० ग्रॅम वाफ आणि ७२ ग्रॅम कोळसा. प्रत्यक्षात इतकं काटेकोर होत नाही, पण दिशा हीच. शिवाय हे सगळं कमी तापमानाला, ज्वलनशील वाफा निघायच्या आधीच सुरू होतं. टाकणखार वितळून धाग्यावर काचेसारखा लेप धरतो, तो वेगळाच फायदा. कापड काळं पडतं, पण आग पसरत नाही. मला तर रसायनशास्त्रातली ही सर्वांत सुंदर चलाखी वाटते. जळायचं सामान तेच, फक्त त्याला ज्योतीकडे जाऊच द्यायचं नाही.

मग नर्तकींनी ते वापरलं का नाही? पॅरिसमध्ये कार्तरों याची तुरटी आणि बोरॉनच्या क्षारांची पद्धत आली होती, १८५९ साली सरकारी हुकूमही निघाला. पण वाळलेले क्षार धाग्यांवर स्फटिक होऊन बसतात. कापड ताठर आणि मळकट होतं, ढगाचा पार गोणपाट होतो. लिव्हरीने असा टुटू घालायला लेखी नकार दिला होता. तिला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण जे तरंगणं पाहायला लोक तिकीट काढत होते, तेच त्या द्रावणात बुडत होतं.

पुढे विजेचे दिवे आले, टुटू आखूड होत कमरेशी आडवा झाला आणि मलमलीची जागा नायलॉनच्या जाळीने घेतली. नायलॉन वितळून ज्योतीपासून मागे सरतं, त्यामुळे नुसती जाळी अनेकदा आपोआप विझते. पण कृत्रिम धाग्याला सुती धाग्याची जोड मिळाली की चित्र पालटतं. कापसाचा कोळसा सांगाड्यासारखा उभा राहतो, वितळलेलं प्लास्टिक गळून पडण्याऐवजी त्याच्यावरच धरून राहतं आणि वातीवरच्या मेणासारखं जळतं. म्हणून असं मिश्रण दोन्ही सुट्या कापडांपेक्षा जास्त जोमाने जळू शकतं. स्नेहसंमेलनात छोट्या पऱ्यांना घालतात त्या फ्रॉकमध्ये पुष्कळदा वर नायलॉनची जाळी आणि आत सुती अस्तर असतं, आणि दीपप्रज्वलनाची समई तिथेच रंगमंचाच्या कोपऱ्यात तेवत असते.